पोरीला सरकारीच पाहिजे? सरकारी-खाजगी नोकरीतला फरक, इथं टाका

भरतीची जाहिरात आली की तेच जुनं वाक्य आठवतं: "पोरीले सरकारीच पाहाजो." खरंच फरक किती? नियमासकट लिहा, ऐकीव नको.

मिहानवाली: प्रसूती रजा 26 आठवडे खाजगीतही आहे, पगारी. तिसऱ्या मुलाला 12. अट एवढीच, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम हवं. अर्ज ईमेलनंच करा. तोंडी सांगितलं की एचआर गोड बोलून "आता राजीनामा द्या, नंतर बघू" म्हणते. सही केली की भांडायला कागदच उरत नाही.

संत्रागोळी: राज्यात प्रसूती रजा 180 दिवस, शिवाय बालसंगोपन रजा अख्ख्या सेवेत 180. केंद्रात तीच 730! पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्के. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये भिंतीला भिंत लागून असलेल्या ऑफिसांत एवढा फरक बाप्पा. पण बालसंगोपन रजा हक्कानं मिळत नाही, साहेबाची मंजुरी लागते. पोरांच्या बारावीच्या पेपरांसाठी पाहिजे तर दिवाळीतच अर्ज टाका, फेब्रुवारीत सगळ्याच मागतात.

तर्रीपोहे: आणि बाप्यांना? केंद्रात 15 दिवस. खाजगीत कायद्यानं शून्य, कंपनीची मर्जी 😄

अंजनी_चौक: सरकारी म्हणजे काय ते आधी ठरवा जी. आशाताई, अंगणवाडीताई मानधनावर. ऑफिसातली डाटा एंट्रीवाली एजन्सीची. खुर्ची सरकारी, बाई खाजगी. नियुक्तीपत्रावर कोणाचं नाव आहे ते पाहा. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचा लाभ थांबत नाही, सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय.

उमरेडकर: कोळसा खाणीत 2019 पासून बाया भूमिगतही जाऊ शकतात, पण तेव्हाच्या अटी होत्या: सकाळी 6 ते संध्याकाळी 7, तांत्रिक-देखरेखीच्या पदांवर, लेखी संमतीनं आणि एका वेळी किमान तिघी. गोची इथंच: एका खाणीत तेवढ्या पात्र बाया असतात कुठे? मग ऑफिसात बसवतात.

मिहानवाली: @उमरेडकर आमच्याकडे उलट. दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री 9:30 नंतर कामाला बाईची संमती लागते, ती जॉइनिंगच्या गठ्ठ्यातच सही करून घेतात. वाचून सही करा ग.

संत्रागोळी: पगाराचं राहिलंच. सरकारीत पदाची वेतन-लेव्हल सारखी तर सुरुवातीचा मूळ पगारही सारखा. खाजगीत शेजारचा किती घेतो, कोणी सांगत नाही.

तर्रीपोहे: मिहानात (नागपूरच्या कंपन्यांच्या पट्ट्यात) पाळणाघर आहे का कुठे? वहिनी विचारते.

मिहानवाली: 50 माणसं असली की द्यावंच लागतं, दिवसातून चारदा जाऊन यायची मुभाही. नसेल तर लेखी विचारायला सांग वहिनीला, आणि ती पोहे कुठं खाते तेही विचार 😋