मदत हवी आहे: ‘फक्त रिफॅक्टरिंग’ म्हणून आलेला सी मधला पॅच, पण वागणूक बदलतेय

नमस्कार मंडळी,

सी मध्ये लिहिलेल्या, बॅकअप घेणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत साधनाच्या देखभालीत मी हातभार लावतो. एका विद्यार्थिनीने तिचा पहिलाच पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवला आहे आणि रिव्ह्यू माझ्याकडे आहे. कॉन्फिग फाइलमधले आकडे आम्ही जागोजागी एटोआयने (atoi, मजकुरातून पूर्णांक काढणारं सी चं फंक्शन) वाचत होतो. तिने ते सगळे काढून एकच फंक्शन लिहिलंय, ज्याच्या आत स्ट्रटोल (strtol, तेच काम करणारं पण चूक कळवू शकणारं फंक्शन) वापरलंय. कमिट मेसेज (बदलासोबतची नोंद) आहे: ‘फक्त रिफॅक्टरिंग, वागणुकीत बदल नाही’. रिफॅक्टरिंग म्हणजे वागणूक तीच ठेवून कोडची रचना सुधारणं.

कल्पना मला मनापासून पटली आहे. एटोआयला चूक कळवायची सोयच नाही. ‘एबीसी’ दिलं तरी शून्य आणि ‘०’ दिला तरी शून्य. आमच्याकडे प्रतीक्षेच्या वेळेत शून्य म्हणजे ‘कितीही वेळ थांब’, म्हणजे टायपिंगची एक चूक आणि बॅकअप रात्रभर अडकून. आकडा इंटमध्ये (सी मधला नेहमीचा पूर्णांक प्रकार) मावणारा नसेल तर काय व्हावं हे तर सी च्या मानकाने ठरवलेलंच नाही.

पण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) ओळीओळीने वाचल्यावर ‘बदल नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

सगळ्यात जास्त काळजी संख्यापद्धतीच्या पायाची (बेस) वाटते. तिने स्ट्रटोलला पाया १० न देता ० दिलाय. त्यामुळे शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान (पाया ८, अंक फक्त ० ते ७) धरला जातो. ‘०१०’ लिहिलं तर आता ८ मिळतात, पूर्वी १० मिळायचे. आमच्या नमुना फाइलमध्येच बॅकअपचा तास ‘०८’ असा दोन अंकी दिलाय आणि लोक तोच उचलतात. अष्टमानात ८ हा अंकच नसल्याने स्ट्रटोल पहिल्या शून्यावर थांबतं आणि नवा कोड ‘आकडा चुकीचा’ म्हणून बाहेर पडतो. ‘०७’ मात्र बिनतक्रार चालतं, म्हणून तिच्या चाचणीत हे दिसलं नसावं.

दुसरं, ‘३०एस’. बरेच जण प्रतीक्षेची वेळ सेकंदाचं अक्षर जोडून लिहितात. एटोआय ३० उचलून पुढचं सोडून द्यायचं. नवा कोड एंड पॉइंटर (स्ट्रटोल कुठे थांबलं ते दाखवणारा) तपासतो, म्हणून या फाइली अपग्रेडनंतर चालणार नाहीत. तपासणी योग्यच आहे, पण तिला रिफॅक्टरिंग म्हणता येत नाही.

किरकोळ गोष्टीही आहेत. स्ट्रटोलच्या आधी एररनो (errno, चुकीचा क्रमांक जिथे ठेवला जातो ते चल) शून्य केलेला नाही. ते फंक्शन स्वतः तो पुसत नाही, त्यामुळे आधीच्या ओळीची मर्यादेची चूक पुढच्या बिनचूक ओळीच्या माथी बसते. आणि रिकामी किंमत तपासणीतून निसटते, कारण एंड पॉइंटर शेवटच्या शून्य बाइटवरच असतो. एकही अंक वाचला गेला नाही हे कुणी पाहतच नाही.

लॉंगचं (स्ट्रटोल ज्या पूर्णांक प्रकारात उत्तर देतं तो) मात्र मलाच नीट ठरवता येत नाहीये. ६४ बिट लिनक्सवर लॉंग ६४ बिटांचा, ६४ बिट विंडोजवर ३२ चा. ‘४२९४९६७२९७’ लिनक्सवर स्ट्रटोलमधून सहीसलामत येतो आणि इंटमध्ये टाकताना त्याचा १ होतो. विंडोजवर तोच आकडा मर्यादेबाहेर ठरतो. म्हणजे एकच कॉन्फिग दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी वागणार. ओपनबीएसडीच्या स्ट्रटोनममध्ये किमान आणि कमाल मर्यादा सोबतच द्यावी लागते आणि पाया कायम १०. ती रचना मला आवडते, पण ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) ते फंक्शन नाही. छोट्या प्रकल्पात स्वतःचं लिहून ठेवावं, की लॉंग घेऊन इंटच्या मर्यादेशी तुलना पुरे?

पॅच दोन भागांत मागायचा विचार आहे. पहिल्या भागात फक्त नवं फंक्शन, पाया १०, आणि आत एटोआयसारखीच ढिलाई. दुसऱ्यात कडक तपासणी, स्वतंत्र कमिट मेसेजसह. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) प्रकल्पही वेगवेगळे बदल वेगळ्या कमिटमध्ये मागतो, म्हणजे उद्या काही बिघडलं तर बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटपासून आला ते शोधणारी गिटची आज्ञा) नेमक्या कमिटवर नेतं. पण पन्नास-साठ ओळींसाठी नवख्या व्यक्तीला इतकं सांगणं जाचक होईल का? मीच दुरुस्त्या करून मर्ज केलं तर काम लवकर होईल, पण मग तिच्या हाती काय लागणार?

‘३०एस’वाल्यांचं काय करावं, यावर अनुभवी लोकांचं मत हवंय. एक आवृत्तीभर इशारा छापून पुढच्या आवृत्तीत नाकारावं, की ते अक्षर अधिकृतच करून टाकावं? गिटच्या कॉन्फिगमध्ये आकड्याला के, एम, जी जोडता येतात, त्यामुळे दुसरा मार्ग अगदीच वावगा वाटत नाही.

असे पॅच तुम्ही कसे तपासता? जुन्या आणि नव्या कोडला तेच आकडे देऊन निकाल शेजारी ठेवणारी छोटी चाचणी मी लिहायला घेतली आहे: ‘०८’, ‘०१०’, ‘-१’, रिकामी किंमत, मागेपुढे मोकळी जागा, इंटच्या कमाल मर्यादेच्या अलीकडचा-पलीकडचा आकडा. यात आणखी काय घालावं? तिला उत्तर पाठवण्याआधी तुमचे प्रतिसाद वाचायचे आहेत.

आगाऊ आभार.