सिंबियनचा ऱ्हास: टचस्क्रीनपलीकडचे कारण

‘टचस्क्रीन आली आणि सिंबियन संपली’ हे सिंबियनबद्दलचे, म्हणजे मुख्यतः नोकियाच्या स्मार्टफोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या कार्यप्रणालीबद्दलचे मत मला अपुरे वाटते, कारण सिंबियनच्याच यूआयक्यू आवृत्तीवर चालणारा सोनी एरिक्सनचा पी८०० हा टचस्क्रीन फोन २००२ मध्येच, म्हणजे आयफोनच्या पाच वर्षे आधी, बाजारात आला होता. खरी अडचण अधिक खोलवर, प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीत होती. सायन या ब्रिटिश कंपनीच्या ‘ईपॉक’ या हातातल्या छोट्या संगणकांसाठीच्या प्रणालीतून १९९८ मध्ये पुढे आलेली ही प्रणाली अगदी तुटपुंज्या मेमरीत आणि मर्यादित बॅटरीवर दिवसेंदिवस बंद न पडता चालावी, अशा बेताने घडवलेली होती, त्यामुळे ज्या फंक्शनमध्ये मध्येच त्रुटी उद्भवू शकते त्याच्या नावाअखेरीस ‘एल’ हे अक्षर लावायचे, आणि तशी त्रुटी आल्यास मेमरी वाया जाऊ नये म्हणून मेमरीत तयार केलेली प्रत्येक वस्तू ‘क्लीनअप स्टॅक’वर, म्हणजे त्रुटी आल्यावर काय मोकळे करायचे याच्या यादीत, नोंदवायची, अशी शिस्त प्रोग्रॅमरला पाळावी लागे. साधी अक्षरमालिका हाताळण्यासाठीसुद्धा ‘डिस्क्रिप्टर’चे अनेक प्रकार होते, आणि त्यांतला नेमका कोणता वापरायचा हे ठरवण्यात मी स्वतः कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत.

ती काटकसर त्या काळी अत्यंत योग्य होती, असे मी आजही मानतो. मात्र मेमरी स्वस्त झाल्यावरही हा सारा भार नव्या प्रोग्रॅमरच्या डोक्यावर तसाच राहिला. क्यूटी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनसंचाच्या रूपाने सोपा मार्ग तयार होत होता, पण तो रुळण्याआधीच, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीची वाट धरली.