गरोदरपणात कंबर आणि ओटीपोटाच्या दुखण्यासाठी कायरोप्रॅक्टिक उपचार घ्यावेत का?

प्रश्न

नमस्कार. मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे आणि हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. गेल्या काही आठवड्यांपासून कंबरेच्या खाली उजव्या बाजूला आणि पुढे जांघेत दुखते. बसल्या जागी फारसे जाणवत नाही. परंतु रात्री कूस बदलताना, जिना चढताना आणि विशेषतः कपडे घालण्यासाठी एका पायावर उभे राहताना अशी कळ येते की भिंतीचा आधार घ्यावा लागतो. माझ्या प्रसूतितज्ज्ञांनी तपासून बाळाची वाढ व्यवस्थित असल्याचे सांगितले आहे. बाळ सध्या पायाळू आहे.

एका मैत्रिणीने कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे पाठीचा कणा आणि सांध्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जाण्याचा आग्रह धरला आहे. तिच्या म्हणण्यानुसार गरोदरपणात ओटीपोटाची हाडे सरकतात, ती जागेवर बसवली की दुखणे थांबते, बाळाला फिरायला जागा मिळते आणि प्रसूतीही सुलभ होते. उलट सासूबाईंचे म्हणणे असे की या दिवसांत हाडांना कोणाचाही हात लावू देऊ नये. हे उपचार सुरक्षित आहेत का, हाडे खरोखर जागेवर येतात का आणि पायाळू बाळ त्यामुळे फिरू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

ताई, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नव्हे, हे आधी नमूद करते. तरीही कूस बदलताना, जिना चढताना आणि एका पायावर भार घेताना येणारी कळ ही ओटीपोटाच्या सांध्यांच्या दुखण्याची ठळक खूण आहे. साधारणपणे पाचांपैकी एका गरोदर स्त्रीला हा त्रास होतो. त्यामुळे ‘या दिवसांत दुखायचेच’ असे म्हणून तो अंगावर काढू नये. त्यावर उपाय आहेत.

हाडे सरकतात का, हा आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड दोन्ही बाजूंना नितंबाच्या हाडांशी ज्या सांध्यांनी जोडलेले असते, त्यांत मुळातच फार थोडी हालचाल होते. ती काही मिलिमीटरांत आणि मोजक्या अंशांत मोजावी लागते. पुढच्या बाजूला दोन हाडांमधली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटरने रुंदावते, जे नैसर्गिकच आहे. हे सांधे जागचे हलले आहेत की नाहीत, हे बोटांनी चाचपून खात्रीने ठरवता येत नाही. एकाच व्यक्तीला दोन तज्ज्ञांनी चाचपले तर त्यांची मते जुळतीलच असे नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० रुग्णांच्या या सांध्यांची स्थिती हाताने केलेल्या उपचारापूर्वी आणि नंतर क्ष-किरणांच्या अतिशय सूक्ष्म पद्धतीने मोजण्यात आली. उपचारानंतर चाचपणीचे निष्कर्ष सुधारलेले दिसले, मात्र हाडांची जागा बदललेली आढळली नाही. अभ्यास लहान होता, पण ‘हाड बसवले’ या समजुतीला त्याने दिलेला धक्का मला मोलाचा वाटतो.

मग आराम का पडतो? कारण आराम खरोखरच पडू शकतो. हाताच्या दाबाने ताठरलेले स्नायू काही काळ सैल पडतात, दुखऱ्या भागाची संवेदनशीलता उतरते आणि हालचालीची भीती कमी झाल्यामुळे चालणेही मोकळे होते. असा आराम तात्पुरता असला तरी झोप न मिळणाऱ्या स्त्रीसाठी तो थोडाथोडका नसतो. माझा आक्षेप केवळ एवढाच आहे की, आपले ओटीपोट ‘वाकडे’ झाले आहे असे सांगून गरोदर स्त्रीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी भीती निर्माण करू नये. रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सगळे सांधे ढिले पडून दुखतात, असेही नेहमी सांगितले जाते. वास्तविक रिलॅक्सिनचे रक्तातील प्रमाण पहिल्या तिमाहीत सर्वाधिक असते, तर दुखणे बहुधा त्यानंतर वाढत जाते. पोटाचा वाढता भार, बदललेला तोल आणि तो पेलणाऱ्या स्नायूंची थकलेली ताकद यांचा वाटा त्यात मोठा असतो.

म्हणून व्यायामाला पर्याय नाही. कंबरदुखी आणि ओटीपोटाच्या दुखण्यावरील उपायांचा कोक्रेन या संस्थेने २०१५ साली घेतलेला आढावा ३४ चाचण्या आणि ५१२१ स्त्रियांवर आधारलेला होता. व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते असे त्यात दिसले, जरी पुराव्याचा दर्जा फारसा भक्कम नव्हता.

आज रात्रीपासून एक गोष्ट करून पाहा. कूस बदलण्यापूर्वी दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा, मध्ये पातळ उशी धरा, श्वास सोडता सोडता खांदे आणि नितंब एकाच वेळी वळवा. गुडघे फाकले की कळ येते, ते एकत्र राहिले तर पुष्कळदा येत नाही. कपडे बसूनच घाला. जिन्यावर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढा. ओटीपोटाचा पट्टा वापरणार असाल तर तो पोटावर न बांधता खाली, नितंबांच्या भोवती बांधा आणि चालण्याफिरण्याच्या वेळेपुरताच ठेवा.

प्रतिसाद २ (दोन मुलांची आई)

दुसऱ्या खेपेला मी हे उपचार घेतले होते, म्हणून प्रत्यक्ष काय होते ते सांगते. मला ज्यांच्याकडे पाठवले होते त्यांनी हात लावण्यापूर्वी माझी संपूर्ण फाइल वाचली, वार कुठे आहे ते सोनोग्राफीच्या अहवालात पाहिले आणि प्रसूतितज्ज्ञांचे मत घेतले आहे का, हे विचारले. नंतर मला कुशीवर झोपवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, तळहाताने कंबरेखाली हळूहळू दाब दिला. पालथे झोपताना पोटासाठी खोलगट जागा असलेली खास उशी होती. टेबलाचा एक भाग किंचित वर उचललेला असतो आणि दाब देताच तो खटकन खाली येतो. पहिल्या वेळी मी दचकले, परंतु दुखले नाही. मान मोडण्याविषयी विचारले तेव्हा मी स्पष्ट नकार दिला आणि त्यांनी तो मान्य केला.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. दोन-तीन दिवसांनी दुखणे हळूहळू परतले, पण पूर्वीइतके नव्हते. सोबत व्यायाम चालूच असल्यामुळे कशाचा गुण किती, हे मी सांगू शकणार नाही. सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे. शक्य असल्यास त्यांनाही सोबत घेऊन जा, म्हणजे उपचार किती हलका असतो ते त्या स्वतः पाहतील.

प्रतिसाद ३ (प्रसूतितज्ज्ञ)

वरील दोन्ही प्रतिसाद संतुलित आहेत. मी पायाळू बाळाविषयी आणि धोक्यांविषयी लिहितो.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांतील एक बाळ पायाळू असते. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारवर येते. म्हणजे बहुतेक बाळे कोणत्याही उपचाराविना आपोआप फिरतात. या काळात जो कोणी जो उपाय करील, त्याला यशाचे श्रेय मिळणे ओघाने येते. लॅरी वेबस्टर या अमेरिकी कायरोप्रॅक्टरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पायाळू बाळासाठी पुष्कळ सुचवली जाते, परंतु तिने बाळ फिरते हे सिद्ध करणारा भरवशाचा पुरावा नाही. बाळ छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यातही पायाळू राहिले, तर रुग्णालयात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा पर्याय असतो आणि तो सुमारे निम्म्या वेळा यशस्वी होतो. तोपर्यंत आपण निश्चिंत राहावे.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, वेळेआधी कळा येणे, वार खाली असणे, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे किंवा हाडे ठिसूळ असणे यांपैकी काहीही असल्यास असे उपचार प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत. मानेला झटका देणारे उपचार तर अजिबात करून घेऊ नयेत. त्यांनंतर क्वचित का होईना, मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन मेंदूला धोका पोहोचल्याची उदाहरणे आहेत. केवळ ओटीपोटाचे संतुलन पाहण्यासाठी कोणी एक्स-रे सुचवला, तर नकार द्यावा. विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ उताणे झोपवल्यास गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते. चक्कर येऊ लागली तर तत्काळ कुशीवर वळावे.

दुखण्यासोबत दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरता, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, एका पोटरीला सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास थेट रुग्णालयात जावे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. गुडघे एकत्र ठेवून वळण्याचा उपाय काल रात्री केला आणि खरोखरच कळ आली नाही. आणखी एक शंका आहे. मैत्रिणीने सुचवलेल्या ठिकाणी चौकशी केली असता, दुखो वा न दुखो, संतुलन टिकवण्यासाठी प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला यावे आणि सर्व पैसे आगाऊ भरावेत, असे सांगण्यात आले. हे आवश्यक आहे का?

प्रतिसाद ४ (फिजिओथेरपिस्ट)

नाही, ताई. दुखणे नसताना संतुलन टिकवण्यासाठी उपचार चालू ठेवण्याला आधार नाही, आणि अगोदरच पूर्ण रक्कम मागितली जात असेल तर मी दुसरीकडे चौकशी करण्याचा सल्ला देईन. जायचेच असेल तर गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे जा. तपासणीआधीच पायऱ्या चढणे, कूस बदलणे आणि किती वेळ चालता येते, या तीन गोष्टींची आजची स्थिती लिहून ठेवा. दोन-तीन बैठकींनंतर यांत फरक पडला नाही, तर उपचार थांबवा.

आणखी एक, जे बहुतेक वेळा राहून जाते. कुशीवर झोपून किंवा पाठीमागे टेकून बसून, कळ न येता दोन्ही गुडघे किती फाकवता येतात ते घरच्यांपैकी कोणाला तरी टेपने मोजायला सांगा. ते अंतर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि प्रसूतीच्या वेळी तिथल्या डॉक्टरांना व परिचारिकांना दाखवा. पाठीत भूल दिल्यानंतर आपल्याला कळ जाणवणार नाही आणि पाय नकळत त्या मर्यादेपलीकडे ताणले जाऊ शकतात. अंतर माहीत असेल तर डॉक्टर व परिचारिका कुशीवरची किंवा ओणवी स्थिती सुचवू शकतील.