तुम्ही स्वतःचा पूर्वग्रह कधी पकडलाय?

गेल्या महिन्यात गिझरचा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप बंद होणारा सुरक्षा-स्विच) सारखा पडायला लागला, म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावला. दार उघडलं तर विशीतली मुलगी, खांद्याला टूलबॅग. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोबत कुणी आलंय का?"

"नाही काका. बोर्ड माळ्यापाशी आहे ना? शिडी तुम्ही धरा."

अर्धा तास धरली. स्क्रू ढिला होता, तिथेच तापून एमसीबी पडत होता. मी दोन मुलींचा बाप, स्वतःला पुढारलेला समजणारा!

२०१२ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एकच अर्ज पाठवला. काहींना नाव जॉन, काहींना जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला, त्याला सरासरी वार्षिक ३०,२३८ डॉलर देऊ केले, जेनिफरला २६,५०८. आणि प्राध्यापिकांनीही हेच केलं. सगळा अर्ज अक्षरशः तोच!

तर या धाग्यावर लोकांचे पूर्वग्रह नकोत, ते ढीगभर असतात. स्वतःचा पकडलेला सांगा.

* * *

प्राध्यापिकांचं वाचून गप्प झाले. मी सिव्हिल इंजिनिअर. पहिल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "लग्नानंतर साइटवर जमेल का?" घरी येऊन रडले होते. चौदा वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसले आणि एका मुलीला तेच विचारलं. वर स्वतःला समजावलं की मी तिच्या काळजीनेच विचारतेय. मला विचारणाऱ्यालाही तेव्हा काळजीच वाटली असेल.

* * *

मी मेल नर्स. वॉर्डात शिरलो की पेशंट म्हणतात, "डॉक्टरसाहेब". मागून येणाऱ्या खऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणतात, "सिस्टर, जरा पाणी". दुरुस्ती मी करतो, पण सुरुवातीला दोन-तीन सेकंद थांबून करायचो. ते दोन-तीन सेकंद बरे वाटायचे, खोटं कशाला बोलू. मॅडमच्या ते लक्षात आलं होतं.

* * *

सूनबाई मला हा प्रतिसाद टाइप करून देतेय, म्हणून जपून सांगते. ती गाडी चालवायची तेव्हा मी वरचं हँडल घट्ट धरून बसायचे. लेक चालवताना डुलकी काढायचे. सहा वर्षांपूर्वी तिच्या हातून गेटला एक ओरखडा गेला, तो मी पाहुण्यांनाही दाखवलाय. लेकाने दोनदा गाडी ठोकली. एकदा "रस्ताच खराब", एकदा "समोरचाच येडा". हिचा ओरखडा मात्र "बायकांचं ड्रायव्हिंग". नातवाने हिशेब मांडला तेव्हा कळलं.
(सूनबाई: हँडल अजून धरतात.)

* * *

मुलगा कॅरममध्ये हरून रडत होता. म्हटलं, "मुलीसारखा काय रडतोस?" हरवणारी त्याची बहीण, आठ वर्षांची. तिने सोंगट्या गोळा करत विचारलं, "बाबा, मी कुठे रडतेय?"

* * *

हे सगळं पूर्वग्रहात नका हो ढकलू. आमच्या ऑफिसात बायका खरंच लवकर निघतात, हा अनुभव आहे.

* * *

@वरचे: आमच्याकडेही निघतात, पाळणाघर सातला बंद होतं म्हणून. पुरुष साडेपाचला चहाला जातात, ते कोण मोजतंय? मीही मोजत नव्हतो.

* * *

धागाकर्ते, त्या इलेक्ट्रिशियन मुलीचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचाही एमसीबी पडतोय. शिडी आहे, धरायला नवरा आहे.