प्राणिसंग्रहालयाला देणगी द्यायचीच, तर आहाराच्या संशोधनाला द्या

सातपुड्याकाठी (नागपूर)

डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: बर्ड फ्लू, एच५एन१. संशय कोंबडीच्या मांसावर गेला. नागपुरात सगळे हळहळले आणि मग विषय मागे पडला. माझ्या डोक्यातून तो जात नाही, कारण असं पहिल्यांदा घडलं नव्हतं. २००४ साली थायलंडमधल्या श्रीराचाच्या व्याघ्रसंग्रहालयात कच्च्या कोंबड्यांतूनच हा रोग शिरला होता. ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले. हे सगळं तेव्हाच छापून आलेलं आहे. ते वाचून आपल्या वाघाच्या खुराकात बदल करणं हे आपल्याकडे कोणाचं काम?

नीट पाहिलं तर ते कोणाच्याच कामात बसत नाही. प्राणिसंग्रहालयांच्या २००९ च्या नियमांत क्युरेटर, पशुवैद्यक, जीवशास्त्रज्ञ आहेत. आहारतज्ज्ञाचं वेगळं पद नाही. पशुवैद्यक आधी आजारी जनावर बघणार, वेळ उरला तर खुराकाचा तक्ता. त्यांना कॉलेजात पोषण शिकवतात ते बहुतेक गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचं.

बारा वर्षांपूर्वी मी एका बचाव केंद्रात रविवारी मदतीला जायचो. उसाच्या फडात सापडलेलं बिबट्याचं पिल्लू होतं, दोन-अडीच महिन्यांची मादी. हाड घशात अडकेल या भीतीने आम्ही तिला कोंबडीचं मांस हाडं काढून, बारीक करून द्यायचो. ती आवडीने खायची. अंगावर चकाकी होती, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी ती मागचे पाय ओढत पुढे आली. कुठून पडली नव्हती, कशावर आपटली नव्हती. एक्स-रेमध्ये हाडं इतकी पातळ, की धड दिसतही नव्हती, आणि मांडीचं हाड दुमडलेलं. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढत राहतं. रानात पिल्लं शिकारीच्या बरगड्या चावतात; आमच्याकडे नेमकं तेच आम्ही काढून टाकत होतो. तिला आम्ही आमच्या हातांनी अधू केलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

नंतर वाचलं, की १८८९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या बछड्यांना मुडदूस होत असे. ब्लँड-सटन नावाच्या शल्यविशारदांनी कुटलेली हाडं, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल द्यायला सांगितलं, आणि बछडे सुधारले. ड जीवनसत्त्वाचं नावही तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. इतकी जुनी माहिती, पण ती आमच्या केंद्रापर्यंत आणणारा माणूस नव्हता.

म्हणून सुचवतो. दत्तक योजना, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामांचा निधी, वाढदिवसाच्या देणग्या हे सगळं नव्या प्राण्यांकडे आणि काचेच्या भिंतींकडे ओढलं जातं, कारण तिथे नावाचा फलक लागतो. तो पैसा आहाराच्या संशोधनाला आणि माणसं तयार करायला द्यावा. माफसूचं, म्हणजे राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यातच आहे, उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. दर वर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना याच विषयात पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळावी, आणि प्राण्यांची रोजची देखभाल करणाऱ्या कीपर लोकांना मराठीतून प्रशिक्षण. विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

माळरान (सोलापूर)

असहमत. पिल्लाचं वाचून वाईट वाटलं, पण त्यातून तुम्ही निघालात भलत्याच दिशेला. ती मादी उसात का सापडली, हा पहिला प्रश्न.

नान्नजचा माळ मी लहानपणापासून बघतोय. माळढोक होते तेव्हा त्यांना ताट वाढावं लागलं नाही. नाकतोडे, भुंगेरे, बोरं, शेताच्या कडेचं धान्य, सगळं तिथेच होतं. माळ नांगरला गेला, फवारण्या आल्या, विजेच्या तारा आल्या, पक्षी गेला. आपल्याकडे एकच रुपया असेल तर तो माळाला द्यायचा. पिंजऱ्यातल्या जनावराला चांगलं खाऊ घालण्याचं शास्त्र वाढलं, की पिंजराच चांगला वाटायला लागतो. आणि ज्यांना पुन्हा कधी सोडायचंच नाही, अशांवर संशोधन करून रानाला काय मिळणार?

पशुवैद्यक_अमरावती

माळाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. पण माळढोकाचंच घ्या. आज त्याला वाचवायची मोठी भिस्त राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांवर आहे. उबवणी यंत्रातून निघालेलं पिल्लू माणसाच्या हातून खातं. लांब पायांच्या पक्ष्यांच्या पिल्लांना प्रथिनं जास्त झाली की वजन भराभर वाढतं, हाडं मागे राहतात, पाय वाकडे होतात, पंखाचं टोक बाहेर वळतं. उद्या तुमचा माळ परत मिळाला, तरी त्यावर सोडायला सरळ पायांचा पक्षी लागेल.

गिधाडांचंही तसंच. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गिधाडांना मारतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात गिधाडांना शेळीचं मांस देतात, आणि कापण्याआधी शेळी काही दिवस आवारात ठेवतात, म्हणजे अंगात औषध असलंच तर निघून जावं. आता उघड्या रानातलं उदाहरण. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केप गिधाडांची पिल्लं घरट्यातच मोडक्या पंखांची सापडू लागली. मेलेली गुरं भरपूर होती, मांस पोटभर होतं. पण त्या भागातून तरस गेले होते. हाडं फोडणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे आईबापांना पिल्लासाठी हाडाचे बारके तुकडे मिळेनात. मग गिधाडांसाठी मढी टाकायची तिथे माणसांनी हाडं फोडून ठेवायला सुरुवात केली. सातपुड्याकाठींच्या बिबट्याला झालेला आणि या पिल्लांना झालेला आजार एकच.

धागाकर्त्यांशी मात्र माझा एक मतभेद आहे. शिष्यवृत्ती द्याल, पण शिकून आलेल्याला बसवणार कुठे? पद नाही, प्रयोगशाळा नाही. राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आहेत. गोठवलेल्या माशात थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व घटतं, आणि काही माशांत थायमिन मोडणारं विकरच (एन्झाइम) असतं. म्हणून मासेखाऊ प्राण्यांना किलोभर माशामागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन वेगळं द्यायचा जगभर प्रघात आहे. तो आकडा पुस्तकात मिळतो. आपल्या गोदामातल्या माशात प्रत्यक्ष किती उरलंय, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि बर्ड फ्लूनंतर मला फोनवर विचारलं गेलं, "डॉक्टर, मांस उकडून दिलं तर?" विषाणू मरतो, हे खरं. पण मांजरकुळाला टॉरीन नावाचं द्रव्य अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच लागतं, आणि उकडताना ते पाण्यात उतरतं. पाणी फेकलं की टॉरीन गेलं. घरातल्या मांजरांमध्ये त्याच्या कमतरतेने डोळे जातात, हृदय फुगतं. शिवाय शिजवलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. एक धोका टाळायला जावं तर दुसरे दोन उभे राहतात. याचा पूर्णवेळ विचार करणारा माणूस हवा, इतकंच माझं म्हणणं.

शिक्षिका_धारणी

मी मेळघाटात शिकवते. वरचं सगळं वाचलं आणि दुपारचा डबा तसाच राहिला.

वाघाला किती कॅल्शियम, पेंग्विनला किती मिलिग्रॅम. आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीतला वजनकाटा पावसाळ्यापासून बंद आहे. मूल कमी वजनाचं आहे की तीव्र कमी वजनाचं, हे सेविका अंदाजाने लिहिते. मला प्राण्यांचा राग नाही. आमच्या मुलांना वाघ तुमच्यापेक्षा जवळून माहीत आहे. पण आहारतज्ज्ञ आधी कोणाच्या वाट्याला यावा, हे कोणीतरी विचारायला हवं, म्हणून लिहिलं.

सातपुड्याकाठी

ताई, मुलांच्या पोषणाच्या निधीला हात लावा असं मी म्हणत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटांचा आणि देणग्यांचा पैसा तसाही तिथेच खर्च होणार आहे. तो कशावर व्हावा, एवढंच म्हणतोय.

शिक्षिका_धारणी

तिकिटाचा पैसाही लोकांचाच. पण एक मान्य करते: ज्याला कोंडून ठेवलं, त्याच्या पोटाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर. त्यात कुचराई नको. माझा आक्षेप क्रमाला आहे. तुम्ही संशोधनापासून सुरुवात करताय. आमच्याकडेही अहवाल भरपूर झाले, संशोधक येऊन जातात. रोजचं मोजणं मात्र होत नाही.

हत्तीखाना

मी ३१ वर्षं कीपर होतो. आता निवृत्त. मी सांगतोय, नातू टाइप करतोय.

हा धागा वाचून वाटतं, की कीपरला खाण्यातलं काही कळत नाही, त्याला शिकवायचं. हत्तीची लीद मोडून बघा. आत चाऱ्याच्या लांब काड्या तशाच दिसल्या, तर चावणं नीट होत नाही, दाढ बदलतेय किंवा दुखतेय. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही, जुन्या माहुताकडून शिकलो. वाघ ताट पुढे आल्यावर आधी काय उचलतो आणि काय ठेवून देतो, हे आजाराच्या दोन दिवस आधी कळतं. हे लिहायला कुठे रकाना नसतो. रकाना फक्त दिलेल्या किलोंचा.

काही वर्षं माझ्याकडे माकडं होती. तक्त्यात केळी, द्राक्षं, सफरचंद. दात किडायचे, फळं वाटताना मारामाऱ्या व्हायच्या. मी म्हणालो, फळं कमी करा, पालेभाजी द्या, शेवग्याचा पाला द्या, आवारातच झाडं आहेत. उत्तर मिळालं, तक्ता मंजूर झालाय, निविदा वर्षाची आहे, मध्ये बदल केला तर लेखापरीक्षणात अडकू. परवा नातवाने दाखवलं, इंग्लंडातल्या पेंटन झूने २०१४ साली माकडांची केळी बंद केली. बाजारातलं फळ माणसासाठी गोड केलेलं असतं, रानातल्या फळासारखं नसतं, म्हणून. वाचून बरं वाटलं आणि रडूही आलं. माझी ती माकडं आता नाहीत.

प्रशिक्षणाला मी चार वेळा गेलो. पडद्यावर इंग्रजी. आम्ही मागच्या रांगेत. प्रश्न मनात असायचे, विचारायची लाज वाटायची. साहेब लोकांनो, पैसे द्यायचे तर द्या, पण आधी तक्ता बदलायचा अधिकार कोणाला आहे ते ठरवा. नाहीतर दहा डॉक्टर शिकून आले तरी केळीच येणार.

ऑकलंडकर

हत्तीखाना काका, तुमच्या म्हणण्याला इथलं, न्यूझीलंडचं, एक उदाहरण जोडतो. काकापो हा न उडणारा पोपट १९९५ च्या सुमारास ५१ उरला होता. जंगलात रिमू झाडाला भरघोस फळं येतात त्याच वर्षी तो अंडी घालतो, म्हणजे दोन-चार वर्षांतून एकदा. मादीने जास्त वेळा घालावी म्हणून त्यांना वरचं खाणं दिलं. माद्या धष्टपुष्ट झाल्या आणि पिल्लं नरच जास्त निघू लागली! आधीच माद्या कमी. २००२ मध्ये हा संबंध छापून आला. मग प्रत्येक मादीच्या वजनावर लक्ष ठेवून खाणं बेताने द्यायला लागले, आणि प्रमाण सुधारलं. चांगल्या मनाने वाढलेल्या ताटाने जात संपायची वेळ आली असती. ते कळलं, कारण एकेका पक्ष्याचं वजन कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं. माळरान, हे पक्षी रानातच राहतात, पिंजऱ्यात नाही.

माळरान

गिधाडं, माळढोक, काकापो, हे मान्य. जे रानात आहेत किंवा रानात जाणार आहेत, त्यांच्या आहारावर काम व्हावं, माझा शब्द मागे घेतो. बाकीच्यांबद्दल नाही. पेंग्विनला मुंबईत थायमिन देण्यापेक्षा पेंग्विन मुंबईत न आणणं हा उपाय आहे. देणगीला अट घाला, की हे प्राणिसंग्रहालय दाखवण्यासाठी नवीन जनावर आणणार नाही. त्या अटीवर पहिले पाचशे रुपये मी देतो.

सातपुड्याकाठी

परदेशी प्राण्यांपुरती अट मला चालेल. पण बचाव केंद्रात येणारा बिबट्या कोणी हौसेने आणत नाही. विहिरीतून, फासातून, उसातून तो येतच राहणार, आणि त्यातले काही कधीच परत जाऊ शकणार नाहीत. त्यांना "उरलेले" म्हणून बाजूला काढणं मला जमणार नाही, माळरान. इथे आपलं एकमत होईल असं दिसत नाही.

काकांचं मात्र मनाला लागलं. मी शिष्यवृत्ती आधी लिहिली आणि कीपर शेवटी, तेही "शिकवायला". तक्ता बदलायचा अधिकार पशुवैद्यक आणि कीपर दोघांच्या सहीने मिळावा, आणि निविदा फळांच्या नावांवर न काढता पालेभाजी, पाला, फळं अशा गटांवर निघावी, असा अर्ज आधी करायला हवा. काका, तुम्हाला पैसे दिले तर पहिलं काय घ्याल?

हत्तीखाना

काटा.

वाघाचं वजन आम्ही कधी केलं? बेशुद्ध केला तेव्हाच, दोन-तीन वर्षांतून एकदा. आतल्या खोलीतून बाहेर जायला अरुंद गल्ली असते. तिथे फळीखाली गुरांच्या बाजारात असतो तसला काटा बसवला, आकडा भिंतीपलीकडे दिसेल असा. वाघ रोज जातो-येतो, रोज वजन मिळेल, कोणाला बेशुद्ध करायला नको. शेजारी वही, त्यात खाल्लं किती, टाकलं किती, लीद कशी, आणि एक रिकामा रकाना कीपरला जे वाटलं त्यासाठी. ती वही मराठीतच राहू द्या. शिकलेली पोरं येतील, त्यांनी ती वाचावी.

शिक्षिका_धारणी

काका, हे पटलं. काटा घ्यायला जाल तेव्हा दोन घ्या.

सातपुड्याकाठी

ताई, पाड्याचं नाव आणि सेविकांचा नंबर खासगी निरोपात पाठवा. लहान मुलांचा काटा कुठल्या प्रकारचा लागतो तेही लिहा, टांगायचा की झोपवायचा, मला त्यातलं माहीत नाही. डॉक्टर, वाघाच्या गल्लीला किती किलोपर्यंतचा काटा लागेल?

पशुवैद्यक_अमरावती

तीनशेचा घ्या. नर मोठा असेल तर अडीचशेपर्यंत जातो.