पत्र्याच्या खोलीत हार्ड डिस्क कशा ठेवायच्या? मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांच्या जुन्या शूटिंगच्या हार्ड डिस्क वरच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाटात असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या कपाटाला हात लाववत नाही. बंद डिस्कला बऱ्याच कंपन्या ७० अंशांपर्यंतची मर्यादा देतात, म्हणून नुसत्या उन्हाची एवढी धास्ती नाही. खरी भीती नंतरच्या पावसाची. आपल्याकडं कपाटातल्या चामडी चपलांनाही बुरशी धरते! हवाबंद डब्यात सिलिका जेल पुरेल, की कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेटच (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्यावं? एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) मात्र आधीच खाली आणतोय, वीज न मिळता उष्णतेत पडून राहिल्या तर त्यातला डेटा लवकर उडू शकतो. कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सांगा. क्लाउड सुचवू नका, डेटा फार आहे.