लिंकांचा खजिना आणि क्लासची फी

अर्धविराम

परवा इथे 'साकुराप्रेमी' यांनी 'घरबसल्या फुकट जर्मन-जपानी शिका' असा धागा काढला. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे ऐकायचे धडे, डॉइच वेले या जर्मन संस्थेचे व्हिडिओ, अंकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपचे तयार डेक म्हणजे कार्डांचे गठ्ठे, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका, गप्पा मारायला परदेशी जोडीदार शोधून देणारी अ‍ॅपं, वर हिरागाना या जपानी लिपीचा स्वतः बनवलेला देवनागरी तक्ता. चाळीस लिंका. आणि शेवटी हे वाक्य: 'एवढं सगळं फुकट पडलेलं असताना क्लासला फी भरणाऱ्यांचं नवल वाटतं.' खाली रांगेने 'वाखू (वाचनखूण) साठवली', 'दंडवत घ्या', 'उद्यापासून सुरू'. त्या रांगेत एकानेही यातल्या अमुक लिंकेवरून अमुक शिकलो असं लिहिलेलं नाही. तिथे एका ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

यादी देणाऱ्याला आनंद होतो, साठवणाऱ्याला अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, आणि भाषा तिथेच राहते. मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या बॅचला जपानी शिकलो. ऑफिसातून फर्ग्युसन रस्त्याचं ट्रॅफिक तुडवत जायचो, डोळ्यांवर झोप असायची. पण आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, 'किते' आणि 'कित्ते' दहा वेळा म्हणून घ्यायच्या. पहिल्याचा अर्थ 'ये', दुसऱ्याचा पोस्टाचं तिकीट. मध्ये जो थांबा आहे तिथे त्या पेनाने बाकावर टकटक करायच्या, आणि ज्याचा थांबा कमी पडला त्याच्याकडे फक्त बघायच्या. पुरायचं तेवढं. एनएचकेचा धडा तुमच्याकडे असं बघत नाही. तुम्ही चुकीचं म्हणता, तो पुढच्या वाक्यावर जातो.

जेएलपीटीबद्दल तर बोलायलाच नको. एन-फाइव्ह या सगळ्यात सोप्या पातळीपासून एन-वन या सगळ्यात अवघड पातळीपर्यंत कुठेही बोलायची परीक्षा नाही, लिहायची नाही, सगळे पर्याय निवडायचे. एन-थ्री पास झालेला माणूस जपानी पाहुण्याला पाणी विचारताना इंग्रजीवर येतो, हे मी आमच्याच ऑफिसात पाहिलं आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था जपानीला वर्गातले २२०० तास धरते. वर्गातले, बसमध्ये कानात बोंडं घालून ऐकलेले नव्हेत.

साकुराप्रेमी

अहो अर्धविराम, माझंच नाव घेऊन धागा काढलात, मान दिलात, आभार.

मी परभणीत राहते. इथे रानडे नाही, जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन नाही, टकटक करणाऱ्या सेन्सेई नाहीत. जेएलपीटी द्यायची तर पुणे नाहीतर मुंबई गाठायची, रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी पेपर. 'क्लास लावा' हे सांगणं पुण्यात बसून फार सोपं असतं. ज्या चाळीस लिंका तुम्हाला कचरा वाटतात, त्यांच्यावर मी एन-फोर झाले. कुणी फी मागितली नाही, कुणी 'तुम्हाला इंग्रजी नीट येतं ना' असंही विचारलं नाही.

आणि तुमचे ते २२०० तास इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी आहेत हो. आपल्यासारखं जपानीतही क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे, आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी चक्क 'का'. अमेरिकन माणसाला हे डोक्यात बसवायला किती दिवस लागत असतील ते लागोत, मला पहिल्याच आठवड्यात घरच्यासारखं वाटलं.

'नवल वाटतं' हा शब्द टोचला असेल तर टोचू दे. पुण्यातल्या एका क्लासने ऑनलाइन बॅच म्हणून माझ्याकडून पैसे घेतले आणि जुनी रेकॉर्डिंगं पाठवली. नवल माझं मलाच वाटतं.

शुद्धलेखन हवालदार

दोघांच्याही भांडणात मला रस नाही. तो देवनागरी तक्ता मात्र आधी काढून टाका. 'त्सु', 'फु', 'र' असं लिहून लोकांना आयुष्यभराची खोड लावताय. जपानी 'र' आपला र नाही, 'फु' आपला फु नाही. हिरागानाची मूळ अक्षरं ४६. मन लावलं तर दोन आठवड्यांत होतात. तेवढंही करायचं नसेल तर माणसाने भाषा शिकू नये, भाज्या निवडाव्यात. जर्मनवाल्यांचं त्याहून वाईट. 'इख लीबं दिख' (माझं तुझ्यावर प्रेम आहे) असं वहीत लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. 'इख'च्या शेवटचा तो आवाज 'ख' नाही, 'श' नाही, 'ह'सुद्धा नाही. देवनागरीत तो नाहीच. मग लिहिता कशाला?

म्युनिकचा मुक्काम

हवालदार, अर्धंच खरं बोलताय.

इथे आलो तेव्हा इंग्रजीतून जर्मन शिकलेली आपली मुलं 'त्साइट'ला (म्हणजे वेळ) 'झाइट' म्हणायची, कारण डोक्यात इंग्रजी झेड बसलेला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा आवाज आपल्याकडे जन्मापासून आहे: चाकातला, चमच्यातला च. नागपूरच्या एका मुलाला 'चाकातला च घे आणि पुढे आइट म्हण' एवढंच सांगितलं, एका वाक्यात सुधारला. हिंदीवाल्याला आधी हा च शिकवावा लागतो. तीच गोष्ट देर-दी-दासची, म्हणजे जर्मन नामांच्या तीन लिंगांची. इंग्रजी माणूस टेबल पुल्लिंगी का म्हणून डोकं धरतो. आपण लहानपणापासून तो दिवा, ती पणती, ते निरांजन म्हणत आलोय. कुठलं नाम कुठल्या लिंगाचं हे पाठच करावं लागतं, पण तीन लिंगांचा धक्का बसत नाही.

अर्धविरामांच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत. माझ्याकडे फुकटचं सगळं होतं, बी-वन या मधल्या पातळीपर्यंतचं. पत्ता नोंदवायला इथल्या एका सरकारी खिडकीवर गेलो. पलीकडच्या बाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी विचारलं. मी 'या' म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये 'हो'. त्यांनी परत तेच विचारलं, मी परत 'या'. प्रश्न होता, तुम्ही कोणत्या तारखेला राहायला आलात.

शुद्धलेखन हवालदार

चाकातला च! वा. आता 'त्सेन' लिहून दाखवा, म्हणजे दहा. तुमच्या पद्धतीने ते होणार 'चेन'. मराठीत ए आणि ईच्या आधी चाकातला च सहसा येत नाही. घराचा म्हणताना तो च, घराचे-घराची म्हणताना दुसरा. म्हणजे तुमची वही वाचणारा माणूस बर्लिनच्या दुकानात उभा राहून गळ्यातली चेन मागणार. लिपीवर प्रेम असावं, पण तिच्याकडून नको ती कामं करून घेऊ नयेत.

म्युनिकचा मुक्काम

'त्सेन'पुरतं कबूल. अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या आणि मोकळे व्हा. 'त्साइट', 'त्साल', 'त्सुग' इथे मी म्हणतो तेच खरं. तुम्ही एक शब्द पकडून अख्खा तक्ता बुडवताय.

साकुराप्रेमी

आणि हवालदार, 'किते' आणि 'कित्ते'तला फरक रोमन लिपीत एक टी जास्त टाकून दाखवतात. वाचणारा तो टी खाऊन टाकतो. पता आणि पत्ता म्हणणाऱ्या माणसाला देवनागरीत एकदा दाखवलं की पुरतं. अर्धविरामांना बाकावर टकटक लागली, त्याला मी काय करू.

अर्धविराम

धागा लिंका आणि क्लासवर होता. लिपीचा वेगळा काढा.

आणि साकुराप्रेमी, मला टकटक लागली हे खरं, पण आज मी क्लायंटशी फोनवर जपानीत बोलतो. तुम्ही जिवंत जपानी माणसाशी शेवटचं कधी बोललात?

साकुराप्रेमी

गेल्या गुरुवारी. ओसाकाच्या एका आजींशी, त्याच 'कचरा' यादीतल्या एका अ‍ॅपवरून. त्या मला त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगतात, मी त्यांना माझ्या सासूबाईंच्या. क्लायंट नाहीयेत माझ्याकडे, सॉरी हं.

कोपरखैरणे फास्ट

सगळे जर्मन-जपानी करा. ड्युओलिंगोवर क्लिंगॉन आहे, म्हणजे टीव्ही मालिकेतल्या परग्रहवासीयांची भाषा, आणि मराठी नाही. माझी सून तामिळ. तिला मराठी शिकायची हौस आहे, पण धड साधन सापडत नाही. जे आहे त्यात 'हा आंबा आहे'च्या पुढे गाडी जात नाही. ती घरात 'मी येते आहे' म्हणते, बाहेर भाजीवाली 'येऊ का मग' म्हणते, आणि सून विचारते की हे कुठल्या धड्यात आहे. चाळीस लिंका जोडणाऱ्यांनी मराठीसाठी चार जोडाव्यात की.

शुद्धलेखन हवालदार

फादर स्टीफन्सने गोव्यात येऊन मराठी शिकून १६१६ मध्ये ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं. त्याच्याकडे कुठली लिंक होती?

कोपरखैरणे फास्ट

त्याच्याकडे आयुष्य होतं हो. माझ्या सुनेकडे हार्बर लाइनचा दीड तास आहे.

इस्पितळवाली

मी सांगलीची, स्टाफ नर्स, जर्मनीसाठी बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची पातळी, करत्येय. तुमचं सगळं वाचलं नाइट ड्यूटीत, आणि राग आला म्हणून लिहितेय.

तुम्ही लोक हौसेसाठी शिकता. आम्हाला तिकडं वॉर्डात उभं राहायचंय. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार लोक पाठवायचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडं गल्लोगल्ली जर्मनचे बोर्ड लागलेत. मी ज्या एजंटाच्या क्लासला गेले तिथं शिकवणारी पोरगी स्वतः ए-टू होती, बी-वनच्याही खालची. पैसे गेले. ते गेलेले पैसे अर्धविराम देणार का? का साकुराताई?

परीक्षेत चार मॉड्यूल असतात, प्रत्येकात शंभरात साठ लागतात. वाचणं आणि ऐकणं माझं फुकटच्या व्हिडिओंवर निघालं, कुणाचे उपकार नाहीत. लिहिणं अडलं. पत्र लिहून कुणाला दाखवणार? अ‍ॅप म्हणतंय 'छान प्रयत्न', आणि क्रियापद कुठल्या कुठं पडलेलं असतंय. शेवटी मिरजेच्या एक निवृत्त बाई मिळाल्या, आठवड्याला दोन पत्रं तपासतात, लाल पेनानं पान रंगवून देतात. क्लास नाही नि लिंकही नाही, बाई आहेत त्या. बोलायच्या परीक्षेत समोर दुसरा उमेदवार असतो, त्याच्याशी चर्चा करायची. त्याची तयारी भिंतीशी बोलून होत नाही.

आणि देवनागरीचं. आमच्या बॅचला जतची एक मुलगी होती, मराठी माध्यमातली. शिकवणारे जर्मनचं व्याकरण इंग्रजीतून सांगायचे. तिला दोन परक्या भाषा एकदम शिकायला लागत होत्या. सुरुवातीला तिनं सगळं देवनागरीत लिहिलं म्हणून ती टिकली. नंतर वही फेकली. हवालदारसाहेबांनी तिला त्या वेळी भाज्या निवडायला पाठवलं असतं.

शुद्धलेखन हवालदार

भाज्यांचं विधान मागे घेतो. बाकीचं नाही. वही 'नंतर फेकली' हा माझाच मुद्दा आहे, फक्त मी म्हणतो दोन आठवड्यांत फेका आणि तुम्ही म्हणता जमेल तेव्हा. माझ्या ओळखीच्यांनी दहा वर्षांत फेकलेली नाही.

अर्धविराम

इस्पितळवाली ताई, तुमच्या बाई म्हणजे क्लासच की. एका विद्यार्थ्याचा. कुणीतरी तपासणारं हवं, एवढंच मी सकाळपासून ओरडतोय.

परभणीत क्लास नाही, मान्य. ओसाकाच्या आजीही मान्य, त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो. पण साकुराप्रेमी, मग यादीत हेच का नाही लिहिलं? आजींबद्दल एक परिच्छेद लिहिला असतात तर मी हा धागा काढलाच नसता. चाळीस लिंका एका दमात फेकल्या की नवख्या माणसाचा आठवडा 'कुठली चांगली' हे ठरवण्यात जातो, मग तो गणपतीत सगळं सोडतो. तीन द्या. क्रमाने द्या.

साकुराप्रेमी

हुकूम. जपानीसाठी: पहिले काही दिवस फक्त काना, म्हणजे जपानी अक्षरं, हाताने लिहून, माझा तक्ता वापरा किंवा हवालदारांच्या भीतीने वापरू नका. मग एनएचकेचे धडे रोज एक. मराठीत नाहीत, हिंदीत आहेत. धडा ऐकायचा, थांबवायचा, स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचे. लाज वाटते, पण थांबा कुठे खाल्ला ते कळतं, टकटक न करता. अंकीत दुसऱ्याचे पाच हजार शब्दांचे डेक घेऊ नका, मी घेतलं होतं, थकबाकी बघूनच रडू यायचं. आपण ऐकलेल्या वाक्यांचं स्वतःचं डेक करा, दिवसाला पाच-सात कार्डं. आणि महिन्याभरात माणूस शोधा. आजींचा परिच्छेद मूळ धाग्यात घालते, 'नवल'वालं वाक्यही काढते. तुमच्यामुळे नाही, इस्पितळवाली ताईंमुळे.

म्युनिकचा मुक्काम

ताई, बोलायच्या परीक्षेला जोडीदार हवा असेल तर रविवारी मी मोकळा असतो. सध्या आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे, इथली सकाळ म्हणजे तुमची दुपार. विषय तुम्ही निवडा, मी मुद्दाम विरोधी बाजू घेईन, परीक्षेत तेच लागतं. तो नागपूरचा पोरगाही येईल, त्यालाही सराव हवाच आहे.

इस्पितळवाली

चालेल दादा. या रविवारी माझी दुपारची ड्यूटी आहे, पुढच्या रविवारपासून धरा. विषय मीच सांगते: वॉर्डात नातेवाईकांना चोवीस तास येऊ द्यावं का. तुम्ही 'द्यावं' म्हणा.

शुद्धलेखन हवालदार

आणि मुक्कामपंत, तिकडच्या बायरिश लोकांसारखं 'इख्'चं नुसतं 'ई' करून शिकवू नका. परीक्षक हानोफरचा निघाला तर तिचे गुण जातील.

म्युनिकचा मुक्काम

'इख्' म्हणालात? ख?